घरी उडप्याकडच्यासारखी फिल्टर कॉफी का जमत नाही? मशीन घ्यावं का?

मशीन घेऊ नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलंय की स्टीलचा फिल्टर आणलाय, सुपरमार्केटमधली पावडर घालून वरून पाणी ओतता, पाच मिनिटांत सगळं खाली उतरतं आणि डिकॉक्शन, म्हणजे खाली उतरलेला कॉफीचा अर्क, पातळ होतं. मग ते दुधात घालून चांगलं उकळता आणि कॉफी कडू लागते. यात फिल्टरची काही चूक नाही. पावडर बदला आणि उकळणं थांबवा, एवढ्यानंच खूप फरक पडेल.

उकळायची सवय आपल्याला चहानं लावली आहे. शिवाय आपल्याकडे घरोघरी जी कॉफी होते ती दूध-साखर उकळून, त्यात इन्स्टंट कॉफी घालून, वर जायफळ किसून. ती मला मनापासून आवडते, पण तिची जातच वेगळी. फिल्टर कॉफी मी शिकलो माटुंग्याला, शेजारच्या तमिळ मामींकडे. मी एकदा डिकॉक्शन घातलेलं दूध पुन्हा गॅसवर ठेवायला निघालो, तर त्यांनी पातेलं माझ्या हातातून काढूनच घेतलं. म्हणाल्या, "अरे, वास सगळा वर उडून जाईल, तुला नुसतं कडू पाणी उरेल." तेव्हापासून आजतागायत मी कॉफी उकळलेली नाही.

आधी पावडर. तुमच्या पाकिटावर बारीक अक्षरांत कॉफी आणि चिकोरीचं प्रमाण छापलेलं असेल, ते वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे जवळजवळ निम्मी चिकोरी घातलेलं पाकीटही नियमात बसतं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफीन नसतं, पण रंग आणि दाटपणा येतो. मला ती थोडी हवीच असते, कारण दुधात नुसती कॉफी जरा पोकळ लागते. ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी हे माझं ठरलेलं माप.

शक्य असेल तर जिथे बिया भाजून समोर दळून देतात अशा दुकानात जा. माटुंग्यात अशी दुकानं आहेत, पुण्यातही मिळतील. तिथे 'प्लँटेशन ए' आणि 'पीबेरी' ही नावं ऐकू येतील. कॉफीच्या फळात एरवी एका बाजूनं चपट्या अशा दोन बिया असतात, 'प्लँटेशन ए' ही अशाच मोठ्या बियांची प्रत. एखाद्या फळात एकच बी गोल होऊन भरते, ती पीबेरी. दोन्ही निम्मीनिम्मी घ्या. जास्त कडक हवी असेल तर थोडी रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी, कडक जात, मिसळायला सांगा. तिच्यात कॅफीन अरेबिका या नेहमीच्या जातीच्या जवळपास दुप्पट असतं आणि ती दुधात दबत नाही. दळण बारीक रव्याहून किंचित बारीक हवं. जाड असेल तर पाणी भराभर निघून जातं आणि तुमच्यासारखं पातळ डिकॉक्शन मिळतं. पिठासारखं असेल तर भोकं बुजतात. एका वेळी १०० ग्रॅमच घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पंधरा दिवसांनी डबा उघडला तरी पहिल्या दिवसाचा वास नसतो.

आता कृती. फिल्टरचं वरचं, तळाला भोकं असलेलं भांडं कोरडं हवं, ओलं असेल तर पावडर भोकांना चिकटते. त्यात साधारण २० ग्रॅम पावडर, म्हणजे पोह्याचे तीन-चार चमचे भरून, घालून भांडं हलकेच आपटा आणि फिल्टरसोबत येणाऱ्या दांडीच्या चकतीनं दाबा. जोर लावायचा नाही, पावडर सपाट बसली की पुरे. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. आधी दोन चमचे पाणी गोल फिरवत घाला. पावडर ताजी असेल तर बुडबुडे येतात. भाजताना बियांमध्ये अडकलेला वायू तेव्हा बाहेर पडत असतो, त्याला वाट द्यायची. मग उरलेलं पाणी घाला, एकूण १२० मिली. झाकण लावा आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. मामी रात्री झोपतानाच लावून ठेवायच्या, म्हणजे सकाळी डिकॉक्शन तयार.

खाली ८० मिलीच्या आसपास उतरेल, बाकीचं पाणी पावडर धरून ठेवते. कमी वाटलं म्हणून त्यातच आणखी पाणी ओतू नका. दुसऱ्यांदा उतरलेलं डिकॉक्शन फिकं असतं, ते वेगळं ठेवा.

दूध सायीसकट घ्या, टोन्ड दुधात मजा नाही. ते वर येताच गॅस बंद. टंबलरमध्ये साखर, त्यावर डिकॉक्शन, त्यावर कढत दूध, एकास तीन. मग दवऱ्यात, म्हणजे टंबलरसोबतच्या पसरट वाटीत, आणि पुन्हा टंबलरमध्ये, उंचावरून दोन-तीन वेळा. फेस येतो, साखर विरघळते आणि पिण्याजोगी निवते. डिकॉक्शन गार झालं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट गॅसवर नको.

फिल्टर हळूहळू तुंबायला लागला तर समजा भोकांत कॉफीचं तेल साठलंय. वरचं स्टीलचं भांडं सांडशीनं धरून रिकामंच मिनिटभर आचेवर फिरवा, धूर निघून जाऊ द्या आणि गार झाल्यावर ब्रशनं घासा.

एकदा ताज्या पावडरीनं करून बघा आणि डिकॉक्शन उतरायला किती मिनिटं लागली ते इथेच कळवा. त्यावरून दळण जाड झालंय की बारीक, ते मला लगेच सांगता येईल.