फिट सुरू कशी झाली ते आधी सांगा

प्रश्न: माझी ७ वर्षांची मुलगी बोलता बोलता मध्येच थांबते, १० सेकंद एकटक बघते आणि परत पहिल्यासारखी होते. कार्बामाझेपिन ही फिटची गोळी चालू केल्यापासून हे वाढलंय. डोस कमी पडतोय का?

उत्तर: डोस नाही, गोळीच चुकलेली असू शकते. तुम्ही लिहिलंय त्यावरून या ॲब्सेन्स फिट्स वाटतात, म्हणजे मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकदमच पसरणाऱ्या, आणि कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटोइन ही औषधं मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या फोकल फिट्सना छान चालतात पण ॲब्सेन्स मात्र उलट वाढवतात. अशी मुलं बघितली की मला फार वाईट वाटतं, कारण तोवर शाळेत ‘लक्ष नसतं’ म्हणून बोलणी खाऊन झालेली असतात. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, करताना ३ मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतात, त्यात बऱ्याचदा तिथेच फिट येते आणि सेकंदाला ३ अशा ठरावीक लाटा दिसतात, मग निदानाला शंका राहत नाही. अशा वेळी इथोसक्सिमाइड किंवा व्हॅल्प्रोएट देतात. तिला कधी अंग ताठ होऊन झटके देणारी मोठी फिट आली असेल तर तेही सांगा, इथोसक्सिमाइड त्यावर चालत नाही. मात्र आत्ताची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

प्रश्न: मुलगी १७ वर्षांची आहे. सकाळी हाताला झटका बसून चहाचा कप उडतो, आम्ही धांदरटपणा समजत होतो. परवा रात्रभर अभ्यास करून उठली आणि मोठी फिट आली. व्हॅल्प्रोएट द्यावं का?

उत्तर: कप उडणं हीच खरी खूण होती! सकाळचे झटके, हे वय, जागरण, सगळं जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीकडे, म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या झटक्यांच्या अपस्माराकडे बोट दाखवतं. इथेही कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन नको. व्हॅल्प्रोएट यावर सगळ्यात गुणकारी, पण मुलींसाठी मी ते आधी निवडत नाही, कारण गरोदरपणात चालू असलं तर साधारण १० पैकी एका बाळात जन्मजात व्यंग आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी येतात. डॉक्टरांना लेव्हेटिरासिटाम या गोळीबद्दल विचारा, फक्त चिडचिड किंवा उदासी वाढतेय का यावर लक्ष ठेवा. लॅमोट्रिजिन चालतं, पण अंगावर पुरळ उठू नये म्हणून डोस आठवड्याआठवड्याने वाढवावा लागतो आणि काहींचे झटके त्याने वाढतात. झोप पूर्ण हवी, परीक्षा असली तरी.

प्रश्न: शेजारच्या मुलाला ज्या गोळीने गुण आला तीच भावाला दिली तर?

उत्तर: नको. त्याच्या फिटचा प्रकार वेगळा असू शकतो.

प्रश्न: मिस्टर ४६ वर्षांचे आहेत. अचानक तोंड चावल्यासारखं करतात, शर्टाची बटणं चाळवतात, २ मिनिटांनी भानावर येतात, काहीच आठवत नाही. ईईजी नॉर्मल आलाय, मग ही फिट नाहीच का?

उत्तर: ईईजी नॉर्मल आला तरी फिट असू शकते, त्या अर्ध्या तासात मेंदू शांत होता एवढंच त्यातून कळतं. २०१७ पासूनच्या फिट्सच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात पहिला प्रश्न असतो सुरुवात कुठून झाली, आणि मग शुद्ध होती का. तुमचं वर्णन शुद्ध हरपणाऱ्या फोकल फिटचं वाटतं, बहुतेक मेंदूच्या कानाजवळच्या, टेम्पोरल भागातून. त्यांना विचारा, आधी पोटातून काही वर चढल्यासारखं वाटतं का. एमआरआय करून घ्या. इथे लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम, आणि हो, कार्बामाझेपिनसुद्धा योग्य. पुढच्या वेळी कांदा, चप्पल हुंगवू नका, कुशीवर वळवा आणि दुसऱ्या कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, मान कुठल्या बाजूला वळली, कुठला हात आखडला हे त्यात दिसू दे. ५ मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल.