वाचकांचे प्रश्न: स्पेअरची चिन्हं, आपली अक्षरं

प्रश्न : ऑस्टिन ऑस्मन स्पेअर या लंडनच्या चित्रकाराची, इच्छेच्या वाक्यातली अक्षरं गुंफून केलेली गूढ चिन्हं पाहून तशी देवनागरीत करायला घेतली. पण अक्षरांचा नुसता गुंता होतो. कुठे चुकतं?
– चित्रकलेची विद्यार्थिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बहुतेक वेळा शिरोरेषेपाशी. रोमन अक्षरं सुटी असतात, म्हणून स्पेअरला (१८८६–१९५६) ती सहज एकात एक गुंफता आली. १९१३ च्या पुस्तकात त्याने वाघाचं बळ मिळावं ही इच्छा तुकड्यांत मोडली, तुकड्यांची चिन्हं केली आणि ती जोडून एकच केलं. आपण शिरोरेषा ठेवली की सगळी अक्षरं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एका दोरीला लटकतात.

वाक्य छोटं घ्या. समजा, ‘मला घर मिळो’. काना, मात्रा, वेलांटी आणि शिरोरेषा काढून टाका. दुसऱ्यांदा आलेला म गाळा. (आलेलं अक्षर पुन्हा न घेण्याची शिस्त स्पेअरनंतरच्या लोकांनी रूढ केली.) उरले म, ल, घ, र, ळ. ल पाकळीचा न घेता दंडाचा घेतला, तर पहिल्या तिघांना उजवीकडे उभा दंड आहे. तिघांत मिळून एकच दंड ठेवा. म ची गाठ खाली, घ चं वळण वर, ल उलटा करून दुसऱ्या अंगाला. र ची तिरकी शेपटी दंडाच्या पायथ्याशी सोडा आणि ळ ची दोन वेटोळी तळाला बसवा. अक्षरं पाच-सहाच्या वर गेली की चिन्ह गिचमिड होतं. तेव्हा वाक्य तोडा, चिन्ह दामटू नका. आठ-दहा कच्चे आराखडे केल्याशिवाय पक्क्या शाईला हात लावू नका.

इच्छा विसरली तरच चिन्ह काम करतं, असं स्पेअर मानायचा. ते फळतं असा आमचा दावा नाही. पण वाक्य फाडून चिन्ह आठवडाभर बाजूला ठेवलंत, तर नंतर ते वाचलं जात नाही, आकार म्हणून दिसतं. चित्रकाराला एवढं पुरे.

त्याची आपोआप येणारी रेघ (काही न ठरवता हात फिरू देऊन काढलेलं चित्र) करून पाहायची असेल, तर ए-थ्री कागद, ४बी पेन्सिल आणि दहा मिनिटं घ्या. पेन्सिल मागून धरा, हात खांद्यातून हलू द्या. मनगट टेकलं की तीच ती गोल वेटोळी येतात. मध्येच चेहरा दिसला म्हणून त्याला डोळे काढायला गेलात की खेळ संपला. खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा.

प्रश्न : साताऱ्यात अशा चिन्हांचं प्रदर्शन भरवतोय. जादूटोणाविरोधी कायद्यात अडकू का?
– एक कलामंडळ, सातारा

उत्तर : नुसतं चिन्ह काढणं किंवा टांगणं हा गुन्हा नाही. २०१३ चा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या कृत्यांना लागू होतो : अघोरी छळ, चमत्काराच्या नावाखाली फसवणूक, उपचारांपासून रोखणं वगैरे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. साताऱ्यातच जन्मलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्याच महिन्यात वटहुकूम निघाला. तेव्हा तुमच्या गावात हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, आणि विचारायलाच हवा.

घोटाळा होतो तो चित्राखालच्या चिठ्ठीत. तिथे नाव, माध्यम, माप, साल आणि किंमत एवढंच लिहा. ‘घरात लावल्यास बरकत’ असं गमतीनेही नको, आणि विक्रीला बसणाऱ्या पोरांनाही ते बजावून ठेवा. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना उद्‌घाटनाआधीच बोलवा. दारात वाद घालण्यापेक्षा आत चहा बरा.

प्रश्न : स्पेअर बेघर झाला होता का? शिवाय पेस्टलची चित्रं पावसाळ्यात कशी जपावीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हो. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात त्याचं राहतं घर आणि स्टुडिओ गेला, हातांनाही इजा झाली. पुढे तो ब्रिक्स्टनच्या एका तळघरात राहिला. १९४७ मध्ये त्याने पुन्हा मोठं प्रदर्शन केलं आणि नंतर चक्क दारूच्या गुत्त्यांत चित्रं लावली. गॅलरीत न फिरकणारी माणसं तिथे घेऊ शकतील अशा किमतीला.

पेस्टल काचेला टेकता कामा नये. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा पट्टी घालून निदान ४-५ मिमी अंतर सोडा. फिक्सेटिव्ह (रंग कागदाला धरून ठेवणारा फवारा) जाड फवारलं की रंग काळवंडतात. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर फ्रेम नको. दुसरी जागाच नसेल, तर मागे कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळते. नदीकाठी राहत असाल तर जूनमध्येच चित्रं वरच्या मजल्यावर न्या. भिजलंच तर पुसू नका, काच लगेच उचलू नका. फ्रेम आडवी ठेवून मागचा पुठ्ठा काढा, पंख्याच्या लांबच्या वाऱ्यावर वाळू द्या. उन्हात ठेवलंत तर कागद आकसतो आणि रंगाचे पापुद्रे सुटतात.