साठ हजारांचा ऑनलाइन डिप्लोमा कर्ज काढून करावा का?

प्रश्न: आयटीआय इलेक्ट्रिशियन, वय ३१. हिंजवडीच्या एका आयटी पार्कमध्ये कंत्राटदारामार्फत मेंटेनन्स टेक्निशियन आहे. हातात २४,००० येतात, गावी पाठवायचे धरून २०,००० जातात. आजवर साठवलेले १८,००० आहेत. फॅसिलिटी मॅनेजमेंटचा, म्हणजे इमारतींच्या देखभाल-व्यवस्थेचा, नऊ महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा ६०,००० ला आहे, १२ टक्क्यांनी ३,९३३ चे १८ हप्ते. घेऊ का?

उत्तर: शिकायचं मनावर घेतलंत हे उत्तमच. पण हे कर्ज घेऊ नका.

हप्ता गेल्यावर तुमच्याकडे महिन्याला ६७ रुपये उरतील. शिवाय ते १२ टक्के फ्लॅट आहेत, म्हणजे फेडलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच. घटत्या शिलकीवर मोजलं तर दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. एकूण भरणा ७०,७९४. असं कोणतंही कर्ज घेण्याआधी की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) मागून त्यातला एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून पडणारा वार्षिक दर, वाचा, ते देणं वित्तसंस्थेवर बंधनकारक आहे. कर्ज तिचं असतं, क्लासचं नाही. त्यामुळे कोर्स अर्ध्यात सोडलात तरी हप्ता खात्यातून कापला जातो, आणि बाउन्स झाला तर दंड लागतोच, सिबिलही बिघडतो.

खरी गोम पगारात आहे. कंत्राटी साइटवर दर पदाला ठरलेला असतो, सर्टिफिकेटला नाही. ग्राहकाच्या करारात शिफ्ट सुपरवायझरच्या किती जागा आहेत, त्यातली एखादी रिकामी होणार आहे का आणि तिला काय पात्रता लागते, हे साइट इनचार्जला विचारा. जागाच नसेल तर डिप्लोमा करूनही तुम्ही टेक्निशियनच्याच दरावर राहाल. पगार २,००० नी वाढला तरी भरलेले पैसे निघायला जवळपास तीन वर्षं लागतील.

इलेक्ट्रिकलमध्ये वर चढायला राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना लागतो, ऑनलाइन डिप्लोमा त्याची जागा घेत नाही. तारतंत्री (वायरमन) परवाना काढला नसेल तर तो आधी काढा, मग पर्यवेक्षकाच्या परीक्षेची पात्रता बघा.

ऑनलाइन शिकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. आयआयटींच्या एनपीटेल या ऑनलाइन शिक्षण संकेतस्थळावर रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचे धडे फुकट मिळतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे १,००० भरायचे. इंग्रजी जड गेलं तर थांबवत थांबवत बघा, आणि शिकलेलं त्याच दिवशी लॉगबुकशी ताडून पाहा. एसीसाठी पाणी गार करणाऱ्या चिलरचा कंडेन्सर अ‍ॅप्रोच (गॅस द्रव होतो ते तापमान आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान यांतला फरक) २ अंशांवरून हळूहळू ५ वर गेला, तर ट्यूबमध्ये क्षार बसलेत किंवा आत हवा शिरली आहे अशी शंका यायला हवी. कॉम्प्रेसर जास्त वीज खाऊ लागण्याआधी हे सांगणारा माणूस इनचार्जच्या नजरेत भरतो. नुसतं व्हिडिओ बघून ते येत नाही, रोजची नोंद स्वतः घ्यावी लागते.

उरणाऱ्या ४,००० पैकी ३,००० आवर्ती ठेवीत टाका आणि १,००० परीक्षा-पुस्तकांना ठेवा. १८,००० ला हात लावू नका, तो तुमचा महिन्याभराचाही खर्च नाही. कंत्राट बदललं की पहिला पगार लांबतो, तेव्हा ते लागतील. सुपरवायझरची जागा लेखी कळली आणि तिला हाच डिप्लोमा हवा असला, तर निम्मी फी कंत्राटदाराकडे मागा आणि उरलेली साठवलेल्या पैशांतून भरा.