रियांश, कियांश, मायरा या नव्या नावांना खरंच अर्थ असतो का? लोकांना ती का आवडतात?

अर्धामुर्धा असतो. 'अंश' म्हणजे भाग, त्यामुळे शिवांश नीट लागतं. रियांशचा 'सूर्याचा पहिला किरण' असा अर्थ याद्यांमध्ये फिरतो, पण किरण म्हणजे अंशु, अंश नव्हे. मायरा तर फुल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीने घडवलेलं नाव मानतात!

आवडण्याचं एक कारण पत्रिकेत आहे. जन्माच्या वेळी चित्रा नक्षत्राचं चौथं चरण आलं की नावाचं पहिलं अक्षर पडतं 'री'. आता 'री'वरून मुलाचं जुनं नाव शोधून दाखवा. त्यात वर्गात दुसरा कोणी त्याच नावाचा नको, दोन-तीन अक्षरांत संपावं आणि मुंबईच्या शाळेतही चालावं. मग नाव बनवावंच लागतं. मला त्यात काही गैर वाटत नाही, फक्त खोटा अर्थ चिकटवू नये. 'कानाला गोड लागलं' एवढं पुरे की.

आमच्या वेंगुर्ल्यात पुतण्याचं बारसं झालं. आत्याने कानात 'रियांश' सांगितलं, पाळणा हलला, घुगऱ्या वाटल्या. आजी म्हणाली, "माका ह्या बोलूक जमाचा नाय." तेव्हापासून तो अख्ख्या वाडीत बाबल्या आहे. रियांश फक्त आधार कार्डावर.