‘लग्नाचं काय?’च्या मागे दडलेली भीती

मुलगी लढाऊ वैमानिक व्हायचं म्हणते, मग तिच्या लग्नाचं काय? हा प्रश्न घेऊन बरेच पालक माझ्याकडे समुपदेशनाला येतात. नाशिकच्या एका आईनेही तिथूनच सुरुवात केली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) मुलगी बारावी सायन्सला. “मॅडम, तुम्हीच समजवा हिला.”

लग्नाच्या मुद्द्यावर मी फारशी रेंगाळत नाही, खरं दुखणं बहुतेकदा दुसरंच असतं. “आणखी काय वाटतं?” म्हटल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला. विमान कोसळल्याचा व्हिडिओ. झोप लागली नाही की तोच लावून बसायच्या.

‘काही होत नाही हो’ असं मी म्हटलं नाही. लढाऊ विमानं कोसळतात, वैमानिक जातात. खोटा धीर आईला लगेच कळतो.

पण त्यांच्या मनात आज फॉर्म भरला की उद्या पोरगी कॉकपिटमध्ये, असं होतं. म्हणून मुलीलाच सगळी वाट सांगायला लावली: लेखी परीक्षा, पाच दिवसांची एसएसबी (सैन्यदलांची निवड मुलाखत), वैमानिकांसाठीची सीपीएसएस चाचणी, मेडिकल, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) तीन वर्षं, त्यानंतर उड्डाणाचं प्रशिक्षण. आई बोटांवर मोजत होत्या.

“पण मुलींना घेतात तरी का?” हवाई दलात पहिल्या तिघी फायटर वैमानिक २०१६ मध्ये झाल्या. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी, सतरा जणींची, मे २०२५ मध्ये बाहेर पडली. लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक कॅप्टन अभिलाषा बराक यांना २०२२ मध्ये विंग्ज (वैमानिकाचा बिल्ला) मिळाले ते नाशिकलाच, गांधीनगरच्या हेलिकॉप्टर प्रशिक्षण तळावर.

“आमच्या घरावरून जातात ती हेलिकॉप्टरं?” आई पहिल्यांदाच जरा सैलावल्या. मग नेमकं विचारलं, “ती सीपीएसएस नाही जमली तर?”

ती चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. मुलीला हे ठाऊक होतं, पण ‘नाही जमली तर’ तिने मनात येऊच दिलं नव्हतं. डोळे भरले तिचे. आणली होती समजवायला मुलीला, घाबरलेली निघाली आई, आणि पुढच्या भेटी लागल्या पुन्हा मुलीसाठीच. वैमानिक नाही तर हवाई दलातच ग्राउंड ड्यूटी (जमिनीवरचं काम), लष्कर, नौदल चालेल का? की फक्त उडायचंच आहे? यावर ती अजून विचार करतेय.

फॉर्म भरलाय. बाबांचा होकार बाकी आहे, त्यांना पुढच्या वेळी बोलावलंय.