वाचकांचे प्रश्न : वही चोख, पण नोंद खरी कशावरून?

प्रश्न : आमचे घराणे तीन पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, व्यवसायात आहे. कोइमतूरचे दुकान सांभाळणाऱ्या माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी बिटकॉइनमध्ये बरीच रक्कम घातली. ‘हे या काळातले सोने आहे, आणि सरकार त्यावर कर घेते म्हणजे ते अधिकृतच झाले,’ असे सांगून तो मलाही आग्रह करतो. मी काय करावे? — एक वाचक, खानापूर तालुका (सांगली)

उत्तर : गलाईच्या घरात मी सोन्याविषयी काही सांगणे हा आगाऊपणा होईल, तरीही पुतण्याची उपमा आपल्याच धंद्याच्या कसोटीवर घासून पाहू. आपल्याकडे मोडीत आलेला दागिना कोणी घडवला, त्याची पावती आहे की नाही, विकणारा काय सांगतो, यांपैकी कशानेही त्यातले सोने वाढत वा घटत नाही. तो मुशीत गेला की बट्टा वेगळा होतो आणि खरे ते उरते. बिटकॉइनच्या बाबतीत मुशीत घालायलाच काही नसते. जानेवारी २००९ मध्ये सुरू झालेली बिटकॉइनची नोंदवही, म्हणजेच ब्लॉकचेन, जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते, एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत असा तिचा नियम आहे, आणि त्या वहीतील जुन्या नोंदी आजवर कोणाला बदलता आलेल्या नाहीत, हे सगळे मी मान्य करतो. परंतु त्या वहीतील नाण्याला ना पीक येते, ना भाडे, ना व्याज. उद्याचा घेणारा जो भाव देईल तोच त्याचा भाव. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरला असलेले नाणे वर्षभरात १६ हजारांच्या आसपास आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याच नाण्याने एक लाखाची पातळी ओलांडली. या चढउतारात कमावणारे आहेतच. मात्र एका वर्षात तीनचतुर्थांश किंमत गमावणाऱ्या वस्तूला आपल्या वडिलांनी सोने म्हटले असते, असे मला वाटत नाही.

कराविषयीचा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकतो आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. उत्पन्नावर कर लागणे म्हणजे त्या व्यवहाराला सरकारची हमी मिळणे नव्हे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्द केले. आणि १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांवरील नफ्यावर ३० टक्के कर सुरू झाला. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर ते आपल्या देशाचे चलन झाले नाही. या करातील एक खोच तर पुतण्याने नीट वाचावी. एका नाण्यात १ लाखाचा नफा आणि दुसऱ्यात ८० हजारांचा तोटा झाला, तर हाती खरे पाहता २० हजारच राहतात. पण तोटा वजा करू दिला जात नसल्यामुळे कर पूर्ण लाखावर, म्हणजे उपकर सोडूनही ३० हजार भरावा लागतो.

शिवाय ही नाणी त्याने नेमकी कोठे ठेवली आहेत, हे त्याला विचारा. बहुतेक लोक ती बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीकडेच ठेवतात. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय कंपनीकडील सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली. त्या चोरीची नोंद ब्लॉकचेनवर अगदी बिनचूक झाली, ती आजही कोणालाही पाहता येते, आणि तिचा ठेवीदारांना तेवढाच उपयोग आहे.

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे एक सॉफ्टवेअर कंपनी आली होती. हळदीच्या प्रत्येक पोत्यावर क्यूआर कोड लावून शेतापासून निर्यातीपर्यंतची सगळी माहिती ब्लॉकचेनवर ठेवावी, म्हणजे परदेशी खरेदीदाराचा विश्वास बसेल, असा त्यांचा प्रस्ताव आहे. खर्च आमच्या मानाने बराच आहे. — एक संचालक, मिरज तालुका

उत्तर : सांगलीकरांना हा प्रश्न समजण्यासाठी संगणकाकडे पाहण्याआधी हरिपूरकडे पाहणे सोपे जाईल. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या तिथल्या मातीत खणलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे टिकत असे, आणि २००५ च्या महापुरात पाणी शिरून ती पेवे निकामी होईपर्यंत इथल्या व्यापाराचा मोठा आधार तीच होती. पेव एकदा बुजवले की आत काय आहे, हे बाहेरून दिसत नाही. वहीत ‘अमुक पोती, चांगला माल’ असे लिहिलेले असे, आणि ते खरे मानायचे की नाही, हे वहीच्या कागदावरून न ठरता लिहिणाऱ्याच्या पतीवरून ठरत असे. समजा, ती वही कोणालाही खोडता येणार नाही अशा शाईने लिहिली असती, तर आत भरलेल्या हळदीचा कस त्यामुळे वाढला असता काय?

ब्लॉकचेन म्हणजे न खोडता येणारी ती शाई होय. एकमेकांवर विश्वास नसलेल्या आणि कोणा मध्यस्थालाही न मानणाऱ्या अनेक पक्षांना एकच वही सांभाळायची असेल, तर तिचा उपयोग आहे. तुमच्याकडे मात्र वही तुमचीच, लिहिणारा कारकून तुमचाच आणि तराजूही तुमचाच. उद्या एखाद्याने परजिल्ह्यातील हळद सांगलीच्या पोत्यात भरून तोच कोड चिकटवला, तर ती खोटी माहिती कायमची आणि अत्यंत सुरक्षितपणे जतन होईल. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचा भाव टिकवायचा असेल तर भीती जुन्या नोंदींत फेरफार होण्याची नाही, पोती बदलली जाण्याची आहे.

हे केवळ माझे मत आहे असे समजू नये. जहाजवाहतुकीतील मेर्स्क आणि संगणकक्षेत्रातील आयबीएम या दोन बलाढ्य कंपन्यांनी मालवाहतुकीच्या नोंदींसाठी २०१८ साली ट्रेडलेन्स नावाचा ब्लॉकचेन प्रकल्प गाजावाजा करून आणला, आणि इतर कंपन्यांचे पुरेसे सहकार्य न मिळाल्यामुळे तो बंद करत असल्याचे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने, अनेक वर्षे रखडलेले आपले ब्लॉकचेनवरील नवे व्यवहारतंत्र थांबवून सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर पाणी सोडले. पैशाची कमतरता यांपैकी कोणालाच नव्हती. उलट आपण रोज चहावाल्यालाही ज्या यूपीआयने पैसे देतो, ते चालवणारी एक मध्यवर्ती संस्था आहे, तिथे ब्लॉकचेन नाही, आणि महिन्याला हजार कोटींहून अधिक व्यवहार त्यावरून होतात.

माझी सूचना अशी की, त्या कंपनीला एवढेच विचारावे : हीच माहिती साध्या डेटाबेसमध्ये ठेवली तर नेमके काय बिघडेल? उत्तरात ‘पारदर्शकता’ आणि ‘भविष्य’ हेच शब्द पुन्हा पुन्हा आले, तर चहा पाजून त्यांना निरोप द्यावा. त्या पैशातून प्रत्येक लॉटचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून कुरकुमिन, कीटकनाशकांचे अंश आणि शिसे यांसाठी तपासून घ्यावेत आणि नमुना काढताना तिऱ्हाईत माणूस हजर ठेवावा. हळद पिवळीजर्द दिसावी म्हणून शिशाचे रंगद्रव्य मिसळण्याचे प्रकार झालेले असल्यामुळे परदेशी खरेदीदाराची धास्ती तीच असते. क्यूआर कोड जरूर लावावा. तो ब्लॉकचेनशिवायही चालतो.

प्रश्न : माझ्या नणंदेने एका ‘कॉइन’मध्ये पैसे ठेवले आहेत. महिना दहा टक्के मिळतात, सगळे ब्लॉकचेनवर असल्यामुळे फसवणूक होऊच शकत नाही, असे तिला सांगितले आहे. दोन महिन्यांचे पैसे आलेही. आता आमच्या बेदाण्याचे पैसे आले आहेत, तेही घालावेत असा तिचा आग्रह आहे. शिवाय नवी माणसे आणल्यास तिला वेगळे मिळणार आहे. — एक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : बेदाण्याचा एक रुपयाही तिथे जाऊ देऊ नका. पुण्यात ज्याचे गुन्हे दाखल झाले त्या गेनबिटकॉइन योजनेचे आश्वासन तंतोतंत हेच होते : अठरा महिने, दरमहा दहा टक्के. वनकॉइन नावाच्या दुसऱ्या जगभर पसरलेल्या योजनेत तर ब्लॉकचेनच नव्हती. लोकांना पडद्यावर दिसत होते ते नुसते आकडे होते. नवी माणसे आणण्यासाठी जिथे पैसे मिळतात, तिथे सुरुवातीचे हप्ते बहुधा मागून आलेल्यांच्या पैशातूनच दिलेले असतात, आणि ते येत आहेत म्हणूनच नणंदबाईंचा विश्वास बसला आहे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा, ‘एकदा मुद्दल काढून दाखवा, मग आम्ही घालतो,’ एवढेच म्हणा. मुद्दल काढण्यासाठी आधी कर किंवा शुल्क भरा, असे उत्तर आले तर ते भरू नये. पैसे पाठवल्याच्या पावत्या, खाते क्रमांक आणि संभाषणांची छायाचित्रे जपून ठेवून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार करावी.