गाडी ऑटोमॅटिक, मग तो 'एम' कशाला?

प्रश्न: नेरुळला राहतो, नवीन एएमटी घेतलीय. परवा लिव्हर चुकून एमकडे गेला आणि पाम बीचवर गाडी दोन नंबरच्या गिअरमध्येच बोंबलत राहिली. गिअरबॉक्सला काही झालं असेल का?

काही नाही झालं, निवांत रहा. एएमटी म्हणजे आपला साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअरचं काम तुमच्या हातापायाऐवजी मशीन करतं. एममध्ये, म्हणजे मॅन्युअल मोडमध्ये, गिअर तुम्ही मागायचा, द्यायचा की नाही ते कॉम्प्युटर ठरवतो, म्हणजे ऐंशीला पहिला मागितलात तर देणारच नाही आणि सिग्नलला थांबलात तर न सांगता पहिल्यावर येईल. वरचा गिअर मात्र काही गाड्या आपोआप टाकतात, काही तुमची वाट बघत बसतात, तुमची बहुतेक दुसऱ्या जातीची दिसतेय! चालत्या गाडीत लिव्हर परत डीवर, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक ड्राइव्हवर, घेतला तरी चालतं.

प्रश्न: लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेकचा जळका वास येतो. मिस्टर म्हणतात न्यूट्रलला टाक, पेट्रोल वाचतं. (एक ताई, घोडबंदर रोड)

ताई, बाकी सगळं ऐका मिस्टरांचं, हे नको. एम खरं तर ह्याच कामासाठी दिलेला असतो. डीमध्ये गाडीला वाटतं ऍक्सिलरेटर सोडलाय म्हणजे आरामात चाललोय, म्हणून ती वरचा गिअर धरते, इंजिन गाडीला फारसं अडवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. तेव्हा उतार सुरू व्हायच्या आधीच एमवर घ्या, तिसरा टाका, ऍक्सिलरेटर सोडूनही स्पीड वाढतच असेल तर ब्रेकने थोडा कमी करून दुसरा. इंजिनचा आवाज वाढेल, वाढू द्या, आरपीएमचा काटा रेडलाइनच्या, म्हणजे लाल पट्ट्याच्या, खाली आहे ना मग झालं. आणि पेट्रोलचं म्हणाल तर आताच्या इंजिनात उतारावर गिअर टाकून पाय काढला की इंजेक्शन बंदच होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातं. एकच सांगतो, गिअरने स्पीड कमी केला की मागचे लाल दिवे लागत नाहीत, मागे ट्रक चिकटलेला असेल तर ब्रेकला हलकासा पाय लावत रहा.

प्रश्न: गायमुख घाटात चढावर ट्रॅफिक अडकलं की माझी एएमटी मागे सरकते. एमने थांबेल का?

नाही. एमने फक्त दुसरा-तिसरा दुसरा-तिसरा असं जे धक्के देत चालतं ते थांबेल. उभं राहताना पूर्ण ब्रेक किंवा हँडब्रेक, आणि पुढे गाडीभर जागा झाली की मगच हला. ऍक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवणारे लोक क्लच जाळतात आणि मग कंपनीला शिव्या घालतात. ड्युअल क्लचवाल्यांनाही, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक असणाऱ्यांनाही, हेच लागू.

प्रश्न: माझ्या सीव्हीटी ऑटोमॅटिकला स्टिअरिंगमागे गिअर बदलायचे पॅडल आहेत, पण तिला गिअरच नसतात म्हणतात. मग ही काय फसवणूक?

फसवणूक नाही हो, थोडं नाटक आहे. आत पट्टा आणि दोन पुली, कॉम्प्युटर त्यांना ठरावीक जागी थांबवतो आणि त्यालाच गिअर म्हणतो. घाट उतरताना मायनसचं पॅडल दाबा, इंजिन खरंच अडवतं. बाकी ठाणे-बेलापूर रोडवर उगाच टिकटिक करू नका, मायलेज वाढत नाही त्याने.